आखणी कोणाला शिकवायची?

आमच्या आयटीत कोणी नोकरी सोडली की त्याच्याकडून ‘केटी’ घेतात. नॉलेज ट्रान्स्फर. नोटीस पिरियडमध्ये चार-सहा मीटिंग, एखादं स्क्रीन रेकॉर्डिंग, झालं. घरच्या धंद्यात मात्र बाप नोटीस देत नाही. टिटवाळ्यासारख्या गणपतीच्या गावात राहतो म्हणून असेल, मला हे मूर्तींच्या कारखान्यांकडे बघून जास्त जाणवतं.

मूर्तिकामातलं बरंच काही शिकवता येतं. साचा भरणं, घासकाम, अंगाचा रंग. पण डोळ्यांची आखणी सहसा कारखान्यातल्या सर्वांत मुरलेल्या हाताकडे असते. ‘ती सांगून येत नाही’ असं म्हणतात, आणि ते अर्धं खरं आहे. अशा सांगता न येणाऱ्या ज्ञानावर मायकेल पोलान्यीने १९६६ साली अख्खं पुस्तक लिहिलं. उरलेलं अर्धं असं, की ती सांगायचीच नसते. आखणी दिली की कारखान्यात आपलं काय उरलं? मला हा निव्वळ स्वार्थ वाटत नाही. साठी उलटलेल्या माणसाला घरात कोणी काही विचारावं, याची ती एकच सोय असते.

पण नुकसान होतं. शाडू सावलीत, दिवसेंदिवस सुकवावी लागते. घाई केली की तडा. पीओपी काही मिनिटांत घट्ट होतं, वजनाला हलकं, प्रवासात टिकतं. मग शाडूचं मळणं, सुकवणं पुढच्या पिढीला शिकवायचं कोणी मनावर घेईना, आणि पोरांनाही ते नकोच होतं. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी पीओपीच्या मूर्तींना मनाई केली. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, ते वेगळं. पण पेणला काय नि कल्याणला काय, ज्या घरात शाडू जाणणारे आजोबा होते, तिथे त्यांची खाट अचानक महत्त्वाची झाली असणार. म्हणजे कुठलं ज्ञान टाकाऊ, हे देणाऱ्यालाही आधी कळत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. मग ‘पोरगा कुठे यात येणार आहे’ म्हणून ते आपल्यापाशीच ठेवायचा हक्क बापाला कसा पोचतो?

आणि द्यायचं कोणाला? मुलगा ऐरोलीत हेडफोन लावून बसलाय. मुलगी लग्नापर्यंत रंग देते, पण ती ‘परक्या घरी जाणार’. तिसरा तो रोजावरचा पोरगा, दर सीझनला येणारा, आखणी चालू असताना मान वाकडी करून बघणारा. आडनाव मुलाच्या बाजूने आहे. माझं मत पोराच्या आणि मुलीच्या बाजूने. कोणी म्हणेल, कर्ज घराने काढलं, मूर्ती पडून राहिल्या तर घर बुडतं. बरोबर, म्हणून नफा आणि गाळा घराचा. ज्ञान तशी वस्तू नाही. किर्लोस्कर कुटुंबात २००९ साली वाटणीचा करार झाला; पुढे पंपांच्या धंद्यात कोणी उतरायचं, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. करारात शेअर वाटता येतात. पंप कसा बनवायचा हे मात्र एकाला दिलं म्हणून दुसऱ्याच्या डोक्यातून वजा होत नाही.

आमच्यासारखे जे धंद्यात नाहीत त्यांनी निदान आडवं येऊ नये. स्वतः बसणार नाही आणि बसणाऱ्याला ‘बाहेरचा’ म्हणणार, हे जमायचं नाही. सुट्टीला आल्यावर फोनवर व्हिडिओ काढून ठेवणं चांगलंच, पण त्या व्हिडिओला रंगाच्या वाटीत पाणी किती झालं हे विचारता येत नाही. शेजारी बसलेला पोरगा विचारतो.

तो उद्या समोरच कारखाना टाकेल, ही भीती खरी आहे. टाकेलही. आमच्याकडे देवळाच्या रस्त्याला मोदक-पेढ्यांची दुकानं एकाला एक खेटून आहेत आणि अंगारकीला गर्दी सगळ्यांकडेच असते.