हुकमाचा ताबेदार आणि पाचवी आज्ञा

9 सप्टेंबर 1942. पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाचा दुसरा दिवस. त्या वेळच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातील नंदुरबार गावात शाळकरी मुलांनी तिरंगा हाती घेऊन मिरवणूक काढली. ‘चले जाव’चा ठराव होऊन व पुढाऱ्यांची धरपकड होऊन महिना लोटला होता. पोलिसांनी मिरवणूक अडविली, लाठ्या चालविल्या आणि अखेर गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता हा मुलगा त्यात पडला. त्याला सोळावे वर्ष अजून पुरे व्हायचे होते. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा हे त्याचे साथीदारही या गोळीबारात प्राणांस मुकले. मुलींच्या दिशेने बंदूक रोखणाऱ्या अंमलदारासमोर शिरीष स्वतः छाती काढून उभा राहिला, असे नंदुरबारची माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. त्याच दिवशी तिकडे सातारा जिल्ह्यात वडूजच्या मोर्चावरही गोळ्या झाडल्या गेल्या व नऊ जण ठार झाले.

या मुलांविषयी शाळेच्या पुस्तकांतून पुष्कळ लिहून झाले आहे आणि ते योग्यच आहे. आम्हांला येथे विचार करायचा आहे तो बंदुकीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाचा. मुंबई प्रांताच्या पोलीस दलातील शिपाई बहुतेक येथलेच, शेतकऱ्यांच्या घरातले. त्यांचीही मुले शाळेत जात असतील. हुकूम सुटला आणि चाप ओढला गेला. तो हुकमाचा ताबेदार होता, असे म्हणून आपण त्याला सोडून देतो. पण देवासमोर एवढे उत्तर पुरते काय?

हा प्रश्न नाशिककरांना दूरचा नाही. 1906 साली पुण्याजवळ भांबुर्ड्यात सुरू झालेली पोलीस प्रशिक्षण शाळा 1909 साली नाशिकला आली. त्र्यंबक रस्त्यावरच्या तिच्या आजच्या अकादमीत महाराष्ट्राचे फौजदार घडतात. आणि त्याच 1909 च्या 21 डिसेंबरला येथल्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे या तरुण विद्यार्थ्याने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पुढे एप्रिल 1910 मध्ये तो ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. आज एक मोठे मैदान त्याच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या देशप्रेमाविषयी व त्यागाविषयी शंका घेणारे आम्ही कोण? तरीही नाटकाला आलेल्या निःशस्त्र माणसाला ठार करणे आणि झेंडा घेऊन गोळीसमोर उभे राहणे या दोन कृती ख्रिस्ती नीतिशास्त्राच्या तराजूत सारख्या वजनाच्या ठरत नाहीत, हे काहींना रुचले नाही तरी आम्हांला सांगितले पाहिजे. मात्र कान्हेरेला जे माप लावायचे तेच सरकारी बंदुकीलाही लावावे लागते. गणवेश चढविल्याने पाचवी आज्ञा पुसली जात नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहू. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या 76 व्या कलमाखाली एक उदाहरण दिलेले होते: वरिष्ठाच्या आज्ञेवरून, कायद्याच्या आदेशांना धरून, जमावावर गोळी झाडणारा सैनिक अपराधी नाही. 1 जुलै 2024 पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तीतही ते कायम आहे. वाचकांनी मधले तीन शब्द पुन्हा वाचावेत. ‘कायद्याच्या आदेशांना धरून’ ही अट काढली तर उरते ती निव्वळ ताबेदारी, आणि ताबेदारीला कायदाही अभय देत नाही.

आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण याहून खोल जाते. संत थॉमस अक्विनास यांनी स्वसंरक्षणाचा अधिकार मान्य केला, पण गरजेपेक्षा अधिक बळ वापरले तर ते कृत्य अयोग्य ठरते असेही बजावले. 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात राज्यसत्तेचा मान राखण्याचे कर्तव्य चौथ्या आज्ञेखाली, म्हणजे मातापित्यांचा मान राख या आज्ञेखाली सांगितले आहे. सत्तेचा हुकूम नीतिविरुद्ध असेल तर तो न पाळणे हे नागरिकाचे विवेकाचे बंधन आहे, ही मर्यादाही तेथेच घातली आहे. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय पुढे करून मुकाट आज्ञापालनाचा उपदेश करणाऱ्यांनी प्रेषितांच्या कृत्यांचा पाचवा अध्यायही उघडून पाहावा. तेथे पेत्र न्यायसभेसमोर उभा आहे आणि माणसांपेक्षा देवाचे ऐकण्याची भाषा करतो आहे.

यावर कोणी म्हणेल, धर्मगुरूंना बोलायला काय जाते? समोरून दगड येत असतात, सहकारी रक्तबंबाळ झालेला असतो, विचाराला क्षणाचीही उसंत नसते. हा आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. पोलीस हाही कुणाचा मुलगा, त्याच्या जिवाचे मोल विद्यार्थ्याच्या जिवाइतकेच. एखाद्याचा प्राण वाचविण्यासाठी दुसरा उपायच उरला नाही, तर गोळी झाडणाऱ्याला आम्ही खुनी म्हणणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1990 सालच्या हवानाच्या तत्त्वांनीही जाणूनबुजून प्राण घेणाऱ्या गोळीबाराला तेवढीच एक वाट मोकळी ठेवली आहे. पण नंदुरबारच्या मुलांच्या हाती झेंडा होता.

परकी राजवट होती म्हणून हे झाले, असे समाधान मानायलाही जागा नाही. 21 नोव्हेंबर 1955 रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पंधरा माणसे गेली, तेव्हा राज्य आपलेच होते. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव दलाच्या गोळ्यांनी दहा जणांचा बळी घेतला. त्या प्रकरणी एका उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने 2009 साली जन्मठेप सुनावली व ते प्रकरण अपिलात उच्च न्यायालयात गेले. म्हणजे पहिला निकाल यायलाच बारा वर्षे लागली.

एल साल्वादोरचे महाधर्मप्रांताध्यक्ष ऑस्कर रोमेरो यांनी 23 मार्च 1980 च्या रविवारी आपल्या प्रवचनात थेट शिपायांनाच हाक दिली. ज्यांना मारता ते तुमचेच शेतकरी बांधव आहेत, देवाच्या आज्ञेविरुद्धचा हुकूम पाळण्यास तुम्ही बांधलेले नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी मिस्साबलिदान अर्पण करीत असता त्यांना गोळी घालण्यात आली. 2018 साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. रोमेरो यांनी सरकारला उद्देशून पुष्कळदा लिहिले, बोलले. पण बंदूक हातात असलेल्या गरीब पोराशी ते बोलले तेव्हाच सत्तेला ते असह्य झाले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपल्या धर्मग्रामांतील मुले पोलीस भरतीसाठी पहाटे धावताना दिसतात. ती चांगली नोकरी आहे आणि समाजाला चांगल्या पोलिसांची गरज आहे. लूकच्या शुभवर्तमानात शिपाई योहानाकडे येतात आणि आम्ही काय करावे असे विचारतात. योहान त्यांना शिपाईगिरी सोडायला सांगत नाही; कोणावर जुलूम करू नका, आपल्या पगारात समाधान माना, असे सांगतो. भरतीला निघालेल्या मुलाशी घरात उंचीबद्दल, छातीच्या मापाबद्दल, पगाराबद्दल बोलणे होते. कोणता हुकूम ऐकायचा नाही याबद्दलही आईवडिलांनी एकदा बोलावे, कारण मैदानावर ते ठरवायला वेळ नसतो. आणि 9 सप्टेंबरच्या जवळच्या रविवारी श्रद्धावंतांच्या प्रार्थनांमध्ये शिरीषकुमार व त्याच्या साथीदारांची नावे घ्यावीत, असे आम्हांला वाटते. ज्यांनी त्या दिवशी चाप ओढला त्यांच्यासाठीही त्याच प्रार्थनेत एक ओळ असावी.