शेवटच्या पानापलीकडे

आवडत्या पुस्तकमालेचा अखेरचा भाग वाचून संपला की मुलांना जी हुरहुर लागते, तिला आपण मोठी माणसे सहसा हसण्यावारी नेतो. कल्पित माणसांसाठी कसले दुःख? खऱ्या दुःखांची का आपल्याकडे वाण आहे? चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात तर हा प्रश्न अधिकच रास्त वाटतो. पर्लकोटेच्या पुराने कित्येक पावसाळ्यांत भामरागडचा संपर्क तुटला आहे. अशा वेळी घरातल्या आजाऱ्याची काळजी करावयाची की पाणबुडीच्या कप्तानाची? तरीही ही हुरहुर क्षुल्लक आहे, असे आम्हांस वाटत नाही.

भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या. व्हर्नच्या तीन कथा एकमेकींत गुंतलेल्या आहेत: कॅप्टन ग्रँटच्या मुलांची, समुद्रतळाच्या प्रवासाची आणि १८७४-७५ साली प्रसिद्ध झालेली रहस्यमय बेटाची. दुसरीत कॅप्टन नेमो भेटतो. लॅटिनमध्ये नेमो म्हणजे ‘कोणीही नाही’. तो कोण, कुठला, कोणत्या जखमेने माणसांपासून तुटला, हे लेखक सांगत नाही. ते कळते तिसऱ्या कथेच्या अखेरीस. बेटावर अडकलेल्यांना अदृश्यपणे मदत करणारा हाच; आता वृद्ध आणि मरणासन्न. तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या उठावात लढलेला आणि आपली माणसे गमावलेला. (दोन कथांतील सनावळी एकमेकींशी जुळत नाही. चौकस मुलांच्या हे बरोबर ध्यानी येते आणि व्हर्नला ती क्षमा करीत नाहीत!)

आमच्या धर्मग्रामातील एका मुलीने हे पुस्तक शेवटची तीसेक पाने राखून परत केले होते. कारण विचारता म्हणाली, “फादर, मी वाचलं नाही तर तो मरणार नाही.” हे केवळ बालिश बोलणे नव्हे. आजीच्या गोष्टीला असा शेवट नसतो. ‘पुन्हा सांग’ म्हटले की मेलेला राजा उठून बसतो. छापील पुस्तक मात्र एकदाच संपते. दुसऱ्या वाचनात आनंद असतो, पण पुढे काय होणार हे ठाऊक नसण्याचे सुख परत मिळत नाही.

मग शेवट टाळावा काय? कॉनन डॉयलने १८९३ साली शेरलॉक होम्सला कड्यावरून लोटले. वाचक इतके खवळले की दहा वर्षांनी त्याला तो जिवंत परत आणावा लागला. वाचकांची माया खरी होती, यात संशय नाही. परंतु ज्याला आपण मरूही देत नाही, त्याच्यावर आपले प्रेम असते की केवळ आपल्या करमणुकीवर? फुरसुंगीचा फास्टर फेणे शाळकरीच राहिला, याचे आम्हांस वाईट वाटत नाही, कारण त्याच्या प्रत्येक कथेत नवे साहस होते. नेमोचे तसे नाही. त्याच्याभोवती पहिल्यापासून एक प्रश्न आहे. तो जहाजे बुडवतो आणि दुबळ्यांना सोनेही देतो. हा मनुष्य न्यायी की सूडाने आंधळा? अर्ध्यावर थांबणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर शोधताच येत नाही. कुणाला सुखी म्हणण्यापूर्वी त्याचा अंत पाहावा, हे सोलोनचे म्हणणे सेमिनरीत शिकताना आम्हांस रूक्ष वाटे. नेमोच्या बाबतीत ते पटते.

मृत्युशय्येवर नेमो स्वतःच विचारतो, मी चुकलो का? इंजिनियर सायरस स्मिथ उत्तर देतो की, गेलेला काळ परत आणता येईल असे मानून तुम्ही अटळ प्रगतीशी झुंजलात. मात्र या चुकीचा निवाडा एकट्या देवाकडे. येथे आपल्याकडील वाचकाने पुस्तक क्षणभर मिटावे. याच उठावाच्या काळात मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उभे राहिले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात फासावर गेले. त्यांना प्रगतीचे विरोधक म्हणावे काय? स्मिथसाहेबांचा निवाडा आम्हांस मान्य नाही. पण तो अमान्य करण्यासाठीही शेवटापर्यंत जावे लागते. त्या मुलीला आम्ही एवढेच सांगितले. तिने पुस्तक पुन्हा नेले.

आणखी एक गोष्ट अभ्यासकांमुळे कळते. व्हर्नने हस्तलिखितात नेमोच्या तोंडी अखेरचा शब्द घातला होता, ‘स्वातंत्र्य’. प्रकाशक हेट्झेल यांच्या आग्रहाने छापील पुस्तकात तेथे देव आणि देश आले. आम्ही धर्मगुरू, देवाचे नाव पाहून आम्हांस आनंद व्हावा, अशी कुणाचीही अपेक्षा असेल. परंतु मरणाऱ्याच्या ओठांवर दुसऱ्याने ठेवलेले नाव ही प्रार्थना नव्हे. ज्याचे राज्य गेले, माणसे गेली, त्याने मरताना ‘स्वातंत्र्य’ म्हटले असते तर देवाला ते ऐकू आले नसते काय? पुस्तक हाती घेणाऱ्या मुलांना आम्ही छापलेले शब्द वाचू देतो, आणि मग खोडलेला शब्दही सांगतो.