नैवेद्याचे पान

तैत्तिरीय उपनिषदाच्या ब्रह्मानंदवल्लीत आनंदाचे एक विलक्षण गणित मांडलेले आहे. तरुण, सदाचारी, विद्यासंपन्न आणि बळकट असा एखादा पुरुष घ्यावा, धनधान्याने भरलेली सारी पृथ्वी त्याच्या स्वाधीन करावी, आणि त्याला जो आनंद होईल तो एक परिमाण समजावा. त्याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वांचा, त्याच्याही शंभरपट देवगंधर्वांचा, अशी पायरीपायरीने वाढ करीत पितर, देव, इंद्र, बृहस्पती आणि प्रजापती यांच्यावरून हा हिशेब थेट ब्रह्मापर्यंत नेऊन भिडवलेला आहे. ऋषींसारख्या विरक्त मंडळींनी आनंदाची अशी कोष्टके करीत बसावे याचे प्रथमदर्शनी हसू येते. परंतु खरी मौज त्या गुणाकारात नाही. दुसऱ्या पायरीपासून पुढे प्रत्येक पायरीवर ऋषी एक पुरवणी जोडतो, की वेदार्थ जाणणाऱ्या आणि कामनेने घायाळ न झालेल्या मनुष्याला हाच आनंद प्राप्त असतो. म्हणजे इंद्राने शंभर यज्ञांचा खटाटोप करून जे मिळवावे, ते या निरिच्छ मनुष्याने ओसरीवर बसल्याबसल्या, एक कवडीही खर्ची न घालता भोगावे! एवढी मोठी सवलत जाहीर करून उपनिषद पुढे जाते. ती पदरात कशी पाडून घ्यावी हे मात्र प्रपंची मनुष्याच्या भाषेत तेथे सांगितलेले नाही.

कारण कामनेने घायाळ न झालेला मनुष्य आमच्या आळीत तरी आढळत नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, ज्याच्या बांधाची फिर्याद दिवाणी कोर्टात पडून आहे, ज्याच्या मुलीचे लग्न ठरता ठरत नाही, त्याला कामनाच करू नकोस असे सांगणे म्हणजे ज्वर चढलेल्याला अंग तापवू नकोस असे बजावण्यासारखे आहे. संन्यासाचा मार्ग हजारांत एखाद्याचा. बाकीच्या नऊशे नव्याण्णवांना आनंदाच्या त्या कोष्टकात शिरण्यास काही वाट आहे की नाही, असा प्रश्न मनात धरून मी जेव्हा आपल्या धर्माचाराकडे पाहतो, तेव्हा माझी दृष्टी मोठमोठ्या व्रतांवर किंवा तीर्थयात्रांवर न ठरता स्वयंपाकघरातल्या एका लहानशा विधीवर येऊन स्थिरावते. तो विधी म्हणजे नैवेद्य.

सणाच्या दिवशीचे स्वयंपाकघर आठवावे. पुरण शिजून वाटून झालेले असते, कटाच्या आमटीला उकळी फुटलेली असते, भज्यांचा घाणा कढईतून निघत असतो, आणि सोवळ्यातली गृहिणी एवढे सारे करीत असताना जिभेवर एक थेंबही ठेवीत नाही. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. आमटीत मीठ बेताचे पडले की नाही हे तिने वाफेच्या वासावरून ओळखायचे, पुरणाची गोडी गुळाच्या खड्याच्या अंदाजावरून जाणायची, आणि चुकलेच तर ती चूक प्रथम देवाच्या पानात जायची. शिवाय नैवेद्याच्या पानात वेगळे मीठ वाढण्याचीही रीत नाही. तेव्हा आमटी अळणी झाली तर वरून मीठ घेण्याची सोयसुद्धा आपण देवाला ठेवलेली नाही. डाव्या अंगाला लिंबाची फोड, चटणी आणि कोशिंबीर, उजव्या अंगाला भाज्या, मध्ये मूद आणि तीवर वरण, त्यावर तुपाची धार, अशी सारी मांडणी करून, पाण्याने काढलेल्या चौकोनी मंडलावर ते पान ठेवले जाते. तुळशीपत्राने पाणी फिरवायचे, प्राणादी पाच वायूंच्या आणि शेवटी ब्रह्माच्या नावाने हात देवाकडे न्यायचा, डोळे मिटायचे. या वेळी दाराशी घुटमळणारी मुले भज्यांवर दृष्टी ठेवून उभी असतात, आणि ‘नैवेद्याचं आहे, हात लावू नको’ या एका वाक्याने त्यांना थोपवून धरलेले असते.

तयार अन्न आणि खाणारे तोंड यांच्यामध्ये घातलेले हे जे पाच-दहा मिनिटांचे अंतर, त्यातच या विधीचे सारे मर्म आहे असे मला वाटते. या अवधीत अन्नाला काहीही झालेले नसते. भाजी तीच, भात तोच, किंबहुना तो थोडा निवलेलाच असतो. बदललेली असते ती मालकी. धान्य माझ्या शेतातले, दाम माझ्या खिशातले, कष्ट माझ्या घरातले, म्हणून हे अन्न माझ्या हक्काचे, असा जो दस्तऐवज मनुष्य मनात सदैव बाळगून असतो तो या क्षणापुरता रद्द होतो, आणि जे हक्काने घ्यायचे तेच प्रसाद म्हणून हातात पडते. हक्काच्या वस्तूत मनुष्य उणे शोधतो; पोळी जाड आहे, तूप कमी आहे, शेजाऱ्याकडे श्रीखंड आहे. प्रसादात उणे शोधण्याची बुद्धी सहसा कोणाला होत नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात केवळ स्वतःसाठी शिजवणाऱ्यांची कठोर शब्दांत संभावना केलेली आहे, आणि नवव्यात पान, फूल, फळ किंवा नुसते पाणी भक्तीने दिले तरी ते पोहोचते असे आश्वासन आहे. या दोन अध्यायांच्या मध्ये आमच्या घरातले ते पाण्याचे चौकोनी मंडल बरोबर बसते. उपनिषदाने मागितलेली निरिच्छता जन्मभर पेलणे प्रापंचिकाला अशक्य. पण भूक लागलेली असताना, अन्न पुढ्यात असताना, डोळे मिटून हात मागे घेण्याइतकी ती त्याला रोज एकदा साधते. त्या कोष्टकातला सगळ्यात खालच्या पायरीचा का होईना, आनंद त्याच्या पदरी पडतो तो येथे.

यावर चिकित्सक गृहस्थ हटकून म्हणणार, की देव तर जेवत नाही; मग हा सारा बनाव कोणासाठी? आक्षेप नवा नाही. नामदेवांच्या बालपणीची जी कथा महाराष्ट्रात घरोघर सांगतात तिच्यात हाच आक्षेप उलट्या बाजूने आलेला आहे. वडिलांनी, दामाशेटींनी, नैवेद्य घेऊन देवळात पाठवलेले ते पोर देव खरोखरच जेवेल अशा समजुतीने बसून राहते, आणि तो जेवीना तेव्हा हट्टाला पेटून प्राण द्यायला निघते. शेवटी देवाला जेवावे लागते. कथेतील चमत्कार ज्याला मानायचा नसेल त्याने खुशाल सोडून द्यावा. माझे लक्ष जाते ते त्या पोराच्या गृहीताकडे. देव जेवणार नाही याची आपल्या मनात पक्की खात्री असते आणि म्हणूनच आपण त्याच्यापुढे पंचपक्वान्ने उदारपणे मांडतो. नामदेवाची तयारी मात्र ताट रिकामे परत नेण्याची होती. समर्पण खरे की लटके याची पारख ताट परत येते की नाही यावर नसून, ते परत न आल्यास आपल्याला कसे वाटेल यावर आहे.

पंढरपूरच्या देवळात ही समजूत, म्हणजे देव हा आपल्यासारखाच भुकेजतो, उकडून घामाघूम होतो आणि थकतो ही, इतक्या निष्ठेने पाळली जाते की तीपुढे तर्कशास्त्र निमूटपणे बाजूला सरते. चैत्रात ऊन तापू लागले की विठ्ठलाच्या अंगाला चंदनाची उटी लागते आणि ती मृगापर्यंत चालू राहते. आषाढी-कार्तिकीची गर्दी लोटली म्हणजे देवाचा पलंग काढून ठेवतात. रात्रंदिवस दर्शन चालू असताना यजमानाने निजावे कसे? यात्रा पांगली की प्रक्षाळपूजा होते. त्या दिवशी उभे राहून राहून शिणलेल्या पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात, आणि रात्री औषधी काढ्याचा नैवेद्य दाखवून देवाला निजवतात. वेदान्ताच्या पंडिताने यावर सगुण-निर्गुणाचा केवढाही वाद घालावा. पण पंधरा-वीस दिवस चिखलपावसातून चालत आलेल्या वारकऱ्याला आपल्या पायांच्या गोळ्यांवरून देवाच्या पायांची आठवण व्हावी यातले सुख त्या वादाला कळणार नाही. मोक्ष देणाऱ्या देवाचे पाय चेपायला मिळणे हे मोक्षाहून अधिक वाटावे, अशी ही मंडळी. त्यांच्या हिशेबात परलोकाची बाकी नेहमीच कमी निघते.

आणि सुखाला त्यांनी कधी पातक मानले नाही. एकादशीचा उपवास वारकरी कसोशीने करतो, तरी ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण याच संप्रदायाच्या मुलखात रुजली, आणि ती म्हणताना हसणाऱ्यांत उपवास करणारेच पुढे असतात. (जाता जाता एक गंमत सांगण्याजोगी आहे: उपवासाच्या पानातले बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची हे सारे जिन्नस, आणि साबूदाणा ज्या कंदापासून होतो तो कंदही, मुळात अमेरिका खंडातले, पोर्तुगिजांच्या अमदानीत ते इकडे आले. ज्ञानदेवांच्या एकादशीला साबूदाण्याची खिचडी असणे शक्यच नव्हते. धर्माने या परक्यांना इतक्या सहजपणे सोवळ्यात घेतले, याचे श्रेय मी तरी धर्माच्या रसनेला देतो.) द्वादशीला पारणे सुटते, तेव्हा पहिल्या घासाची जी चव लागते ती रोज पोटभर जेवणाऱ्या श्रीमंताला विकतही मिळणार नाही.

अरणचा सावता माळी तर याहून पुढे गेला. मोडनिंबजवळच्या या खेड्यात त्याचा मळा होता. पंढरी तेथून फार दूर नाही, तरी तो कधी वारीला गेला नाही असे परंपरा सांगते. वाफ्यातल्या भाजीपाल्यातच त्याला देव भेटला आणि तसे त्याने अभंगांतून सांगूनही ठेवले. मोटेचे पाणी वळवणे, तण काढणे, रोपांची पाती किडीसाठी उलटून पाहणे, ही त्याची पूजा. त्याचे समाधिवर्ष 1295 मानतात. आजही आषाढात पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून त्याच्या भेटीला अरणास येते. भक्ताने देवाकडे जावे या रिवाजात एवढा अपवाद खुद्द देवानेच करून ठेवला आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी जी उतरून घेतली, त्यांतही नवव्या अध्यायापाशी हाच धागा हाती येतो: कर्म साधेच असू द्या, ते अर्पण झाले की त्याची जात बदलते. हे ऐकणारे लोक गजाआड होते आणि दिवसभर हुकमाची कामे करीत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या विवेचनाला निराळेच वजन येते.

तथापि या विचाराचा एक धोका डोळ्यांआड करून चालणार नाही. ज्याच्या चुलीवर आधण चढत नाही त्याला अर्पणाचा आनंद सांगणे ही क्रूर थट्टा आहे, आणि ज्याला देवळाच्या उंबऱ्याच्या अलीकडेच अडवले जाते त्याला प्रसादाची महती सांगणे ही त्याहून क्रूर. चोखोबांची भक्ती नामदेवांच्या तोडीची. पण मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना अंगावर भिंत कोसळून ते गेल्यावर त्यांच्या अस्थी आल्या त्या देवळाबाहेर, पायरीपाशी. ज्या घरात नैवेद्याचे पान पुढे करणारा हात कोणाचा हे आधी विचारले जाते, तेथे समर्पण झालेले नसते. मालकी देवाच्या नावावर चढवून आपणच उपभोगलेली असते. सहा शतके हा मामला तसाच पडून राहिला. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणास लावून उपोषण मांडले, आणि दहा दिवसांनी ते दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडण्याचे ठरले. एका मनुष्याने अन्न सोडल्यावाचून दुसऱ्याला प्रसाद मिळू नये, ही आमच्या धर्मकारभाराची लाज आहे. वारकऱ्यांच्या आचारात मात्र याचे उत्तर फार पूर्वीपासून होते. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो. लाह्या, पोहे, दही सारे एकत्र कालवलेले, त्यातली माझी मूठ कोणती आणि तुझी कोणती हे ब्रह्मदेवालाही निवडता येऊ नये. तो घास तोंडात पडल्यावाचून वारी पुरी होत नाही. ते उत्तर वर्षातून एकदा गोपाळपुरात द्यायचे आणि घरी येऊन विसरायचे, असा शिरस्ता आम्ही पाडला, हे निराळे.

दुसरी मर्यादा दुःखाची. श्रद्धावान मनुष्याने सदा आनंदी असावे असा जो उपदेश अलीकडे फार ऐकू येतो, त्याला आपल्या आचारात आधार नाही. घरात मृत्यू झाला की सुतक लागते, देव पाण्यावाचून राहतात, नैवेद्य बंद होतो. धर्मशास्त्राने त्याची कारणे अशौचात सांगितली आहेत. मला त्यात एक शहाणपणही दिसते. ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही त्याच्याकडून घास अर्पण करण्याची अपेक्षा करू नये, इतकी माणुसकी त्या कठोर नियमात आहे. दहा-बारा दिवस देवानेही उपाशी राहावे आणि घर पुन्हा चुलीशी बसू लागेपर्यंत वाट पाहावी.

राहिला प्रश्न देव न मानणाऱ्यांचा. त्यांना साध्या सुखांचा हा मार्ग बंद आहे असे मी म्हणणार नाही. जुन्या गृहस्थाश्रमात नैवेद्याच्या जोडीला गोग्रास होता, कावळ्याचा बळी होता, आणि दारात येऊन कोणी जेवायचे राहिले आहे काय म्हणून पाहण्याची चाल होती; यांपैकी एकालाही आस्तिक्याचा दाखला लागत नाही. दुसऱ्या कोणाचे पान आधी मांडावे आणि मग आपले, एवढे जमले तरी पुरे. परंतु रोज जेवणाच्या वेळी दारात अतिथी यावा कोठून, आणि आलाच तर तो मनाजोगा असावा कसा? या बाबतीत देवाची एक सोय नास्तिकानेही कबूल केली पाहिजे. हा पाहुणा नेमाने येतो, वेळेवर येतो, वाढलेले सारे ताट जसेच्या तसे घरच्यांना ठेवून जातो, आणि यांच्याकडची आमटी अळणी होती असे बाहेर जाऊन कोणाला सांगत नाही.