गुण आणि कारण

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ सालीं आमच्याच नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें झाला. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक्युलेशनची पहिली परीक्षा १८५९ सालीं झाली. तींत जे एकवीस विद्यार्थी उत्तीर्ण झाले त्यांत ते होते. २०२१ सालीं महाराष्ट्रांतील दहावीची लेखी परीक्षा महामारीमुळें रद्द झाली, शाळांनीं केलेल्या मूल्यमापनावर निकाल लागला, आणि तो शेंकडा ९९.९५ भरला. हे आंकडे शेजारीं ठेवून पूर्वींची पिढी थोर व आजची खुजी ठरविण्याचा मोह पुष्कळांस होतो. आम्हांस तो मान्य नाहीं. पहिली परीक्षा थोडक्यांस निवडण्यासाठीं होती. दुसरा निकाल संकटांत सांपडलेल्या मुलांचें वर्ष वांचविण्यासाठीं होता. खरा प्रश्न निराळा आहे. शिक्षक मुलाच्या नांवापुढें आंकडा लिहितो, तेव्हां तो नेमकें काय करीत असतो?

आमच्या मतें तो साक्ष देत असतो. ‘या मुलास इतकें येतें’ असें तो तिऱ्हाइतास सांगतो. ही साक्ष दयेनें वाढली किंवा भीतीनें फुगली, तर ती साक्ष राहत नाहीं. २०१८ सालीं दहावीचा निकाल शेंकडा ८९.४१ होता. २०१९ सालीं भाषा व सामाजिक शास्त्रें यांतील शाळेच्या हातचे वीस गुण काढून घेतले, तेव्हां तो ७७.१० वर आला. पुढील वर्षीं ते गुण परत मिळाले व निकाल ९५.३० झाला. २०१९ सालीं अभ्यासक्रम नवा होता, २०२० सालीं भूगोलाची परीक्षाच झाली नाहीं. म्हणून हा सारा चढउतार त्या वीस गुणांच्या माथीं मारणें योग्य नव्हे. तथापि त्यांचें वजन किती, याची कल्पना यावरून येते.

त्या वर्षीं पालकांनीं केलेली तक्रारही निराधार नव्हती. इतर मंडळांच्या मुलांस शाळेचे गुण मिळत राहिले, आणि अकरावीचा प्रवेश तर सर्वांस गुणानुक्रमेंच मिळावयाचा! जेथें एका गुणानें महाविद्यालय हुकतें, तेथें बाप भांडतो तो हौसेनें नव्हे. उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थ्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं मान्य केला आहे, आणि आमचें राज्य मंडळही छायाप्रत व पुनर्मूल्यांकन यांची सोय देतें. परंतु तोंडी परीक्षेचा कागद मागें राहत नाहीं. तेथें तक्रार मुख्याध्यापकांच्या खोलींत जाते, आणि सर्वांस सरसकट अठरा गुण देणें हा शिक्षकास सर्वांत निर्धास्त मार्ग वाटूं लागतो. यांत जिनें वर्षभर मनापासून काम केलें त्या मुलीवर अन्याय होतो. कारण तिचे अठरा आणि कांहींच न करणाऱ्याचे अठरा एकाच मोलाचे ठरतात. या अन्यायाची तक्रार मात्र कोणीच करीत नाहीं.

आतां शिक्षकाची बाजू पहावी. एखाद्याकडे साठ मुलांच्या चार तुकड्या आहेत असें धरूं. प्रत्येक उत्तरपत्रिकेस दहाच मिनिटें दिलीं, तरी दोनशें चाळीस पत्रिकांस चाळीस तास लागतात. शिकविणें सुरूच असतें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शिक्षकांस अशैक्षणिक कामें लावण्यास मनाई केली खरी, पण दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका त्यांतून वगळल्या. मग पत्रिका रात्रीं घरीं तपासल्या जातात. गुण कसेबसे लिहिले जातात. कारण लिहावयाचें राहून जातें.

आणि आमच्या मतें सर्व कलहाचें मूळ येथेंच आहे. पालकास गुण मागण्याचा हक्क नाहीं. कारण मागण्याचा आहे. शिक्षकास गुणांवर ठाम राहण्याचा अधिकार आहे; पण कारण सांगण्याच्या कर्तव्यांतून तो सुटत नाहीं. हें कर्तव्य पार पाडण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ देणें समाजाचें काम आहे. लहान तुकड्या, थोड्या चाचण्या आणि प्रत्येक पत्रिकेवर दोन ओळींचा अभिप्राय, इतकें झालें तरी पुष्कळ होईल. त्यास पैसा लागेल; परंतु शिकवणीवर्गांस भरभरून फी देणाऱ्या आम्हां मध्यमवर्गीयांनीं तरी या खर्चाची सबब सांगूं नये.

शाळेच्या दारांत चाललेला हा वाद मूल ऐकत असतें. भांडून गुण वाढतात असें त्यानें पाहिलें, तर तो धडा तें जन्मभर विसरणार नाहीं. ‘माझें कोठें चुकलें?’ असें विचारल्यास उत्तर मिळतें असें त्यानें पाहिलें, तर तोही विसरणार नाहीं. यांपैकीं कोणता धडा त्यास द्यावयाचा, हें आपणां वडीलधाऱ्यांच्या हातीं आहे.