वाचलेले अंतर कोणाचे?

मोटारीला ब्रेक कशासाठी असतात, असा प्रश्न एखाद्या शाळकरी मुलाला विचारला तर तो क्षणाचाही विलंब न लावता सांगेल : गाडी थांबवण्यासाठी. हाच प्रश्न शर्यतीची मोटार हाकणाऱ्याला विचारला तर तो म्हणेल, अधिक वेगाने जाता यावे म्हणून. वळणाच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत ज्याला वेग राखता येतो आणि मग नेमका आवरता येतो, तोच शर्यत जिंकतो. दोन्ही उत्तरे खरी आहेत. परंतु या दोन उत्तरांच्या मधल्या जागेत एक नैतिक प्रश्न उभा आहे आणि तो केवळ मोटारवाल्यांपुरता नाही. त्याचाच थोडा विचार येथे करावा, असे आम्ही योजले आहे.

युरोप-अमेरिकेत स्पोर्ट्स कार बाळगणारे अनेक हौशी लोक कारखान्यातून आलेले ब्रेक काढून त्या जागी अधिक समर्थ ब्रेक बसवून घेतात. मोठ्या व्यासाच्या डिस्क, चार किंवा सहा पिस्टनांचे कॅलिपर, अधिक उष्णता सोसणारे पॅड, पोलादी जाळीचे वेष्टन असलेल्या नळ्या, उच्च तापमानाला उकळणारे ब्रेक ऑइल, असा हा सारा सरंजाम असतो. श्रीमंतांची चैन म्हणून त्याची वासलात लावणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. ब्रेकचे काम गतीचे उष्णतेत रूपांतर करण्याचे. चौदाशे किलो वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगावरून एकदा थांबवली, तर तेवढ्या उष्णतेने दीड लिटर पाण्याला सहज उकळी फुटेल. लांब घाट उतरताना किंवा शर्यतीच्या मार्गावर हे पुन्हा पुन्हा घडते. पॅड तापून त्यांची पकड सुटू लागते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुने झाले की कमी तापमानालाच उकळते. त्यात बुडबुडे धरले की पायाखालचे पेडल पोकळ होऊन थेट तळाला जाते. ज्याने हे जाणून इंजिनाची ताकद वाढवण्याआधी ब्रेकांची काळजी घेतली, त्याला आम्ही शहाणाच म्हणू.

तरीही जाणकार एक गोष्ट आवर्जून सांगतात. ब्रेक सुस्थितीत असतील, तर एकदाच जोराने ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबेल, हे मुख्यतः टायर आणि रस्ता यांच्या पकडीवर ठरते. चाके जखडून टाकण्याइतका जोर साध्या ब्रेकांतही असतो. महागड्या ब्रेकांचा खरा लाभ दिसतो तो पुन्हा पुन्हा आणि मोठ्या वेगात ते दाबावे लागतात तेव्हा. म्हणजे ब्रेक बदलणाऱ्याने स्वतःला विचारायला हवे : जो वेग माझ्यापाशी आज आहे तो सुरक्षित व्हावा म्हणून मी हे करतो आहे, की जो वेग आज माझ्यापाशी नाही तो मिळावा म्हणून?

याचे एक प्रसिद्ध उदाहरण फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीचे आहे. डिस्क ब्रेकची कल्पना जुनी. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. परंतु तिचे सामर्थ्य जगाला दिसले ते १९५३ मध्ये. डनलॉप कंपनीने विकसित केलेले डिस्क ब्रेक बसवून जग्वारच्या सी-टाइप मोटारी त्या वर्षी ल मान्सला उतरल्या. तेथील सुमारे सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर मोटारी ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेग गाठत आणि त्याच्या टोकाला एका तीव्र वळणासाठी तो सारा वेग आवरावा लागे. ड्रम ब्रेक असलेल्या गाड्यांच्या चालकांना तेथे आधीपासूनच ब्रेक धरावा लागे. जग्वारचे चालक उशिरापर्यंत थांबू शकत. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी ती शर्यत ताशी सुमारे १७० किलोमीटरच्या सरासरीने जिंकली. आदल्या वर्षीच्या विजेत्यांची सरासरी सुमारे १५५ होती. सारे श्रेय ब्रेकांना देता येणार नाही. पण थांबण्याची वाढलेली शक्ती वेगाच्या पदरात पडली, हे मात्र निश्चित.

शर्यतीत हे योग्यच होते. प्रश्न येतो तो तीच प्रवृत्ती रोजच्या रस्त्यावर उतरते तेव्हा. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जेराल्ड वाइल्ड यांनी १९८२ मध्ये असा सिद्धान्त मांडला, की प्रत्येक मनुष्य मनातल्या मनात धोक्याची एक पातळी मान्य करून चालतो. साधने सुरक्षित झाली की तो अधिक धाडस करतो आणि धोका पूर्वीच्याच पातळीवर आणून ठेवतो. जर्मनीतील म्युनिक शहरात १९८० च्या दशकात टॅक्सींवर झालेल्या एका प्रयोगाचा दाखला यासंबंधी नेहमी दिला जातो. काही टॅक्सींना एबीएस, म्हणजे चाके जखडू न देणारी ब्रेक-व्यवस्था, होती, काहींना नव्हती. दोन्ही गटांच्या अपघातांच्या एकूण संख्येत लक्षणीय फरक आढळला नाही. एबीएस असलेल्या टॅक्सींचे चालक मात्र वळणे अधिक झपाट्याने घेताना दिसले. वाइल्ड यांचा सिद्धान्त सर्वांनाच मान्य नाही आणि यंत्रांनी असंख्य प्राण वाचवले आहेत हेही खरे. परंतु सिद्धान्त संपूर्ण खरा नसला, तरी मनुष्यस्वभावाच्या एका बाजूवर त्याने नेमके बोट ठेवले आहे.

येथे थोडे अंकगणित उपयोगी पडेल. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते : वेग दुप्पट तर अंतर चौपट. समजा, नव्या टायर-ब्रेकांनी हे अंतर दहा टक्क्यांनी घटवले. ताशी १०० ऐवजी १०५ किलोमीटरने गाडी हाकली, की तो लाभ जवळजवळ संपला. शिवाय संकट दिसल्यापासून पाय पेडलवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, तरी १०० च्या वेगात तेवढ्यात गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते. हे अंतर कोणताही ब्रेक कमी करू शकत नाही, कारण ते यंत्राचे नसून माणसाचे आहे. हजारो रुपये किंवा डॉलर मोजून घेतलेली सुरक्षितता अशी ताशी पाच किलोमीटरला विकली जाते आणि विकणाऱ्याला आपण काही विकले याचा पत्ताही नसतो.

यावर कोणी म्हणेल, ‘माझी गाडी, माझा पैसा, माझाच जीव, मिळवलेला लाभ कसा खर्चावा हे मी ठरवीन.’ आमच्या मते या युक्तिवादातील दोष ‘माझाच’ या शब्दात आहे. ल मान्सच्याच इतिहासाने तो दाखवून दिला. ११ जून १९५५ रोजी माइक हॉथॉर्न याने आपल्या डिस्क ब्रेकच्या जग्वारने लान्स मॅकलिनच्या ऑस्टिन-हीलीला मागे टाकले आणि पिटकडे वळण्यासाठी ब्रेक लावला. मॅकलिन बाजूला वळला. मागून पिएर लेवे याची मर्सिडीज भरवेगाने येत होती. तिला ड्रम ब्रेक होते आणि जोडीला हवेचा अवरोध करणारी एक मोठी झडप होती. ती मॅकलिनच्या गाडीवर आदळून उडाली आणि तिचे जळते भाग प्रेक्षकांत घुसले. लेवे आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मरण पावले. अपघाताला अनेक कारणे होती. एकट्या ब्रेकांवर त्याचा भार टाकता येत नाही. चौकशीत कोणाही चालकाला दोषी धरण्यात आले नाही. पुढे पिटसमोरचा अरुंद रस्ता रुंद करण्यात आला. परंतु एक सत्य त्या दिवसापासून पुसता आलेले नाही : ज्यांनी वेग पत्करला होता त्यांच्याहून ज्यांनी तो पत्करला नव्हता असेच लोक अधिक मेले. आपण किती लवकर थांबू शकतो एवढेच पाहून भागत नाही. आपल्यामागचा आणि आपल्या बाजूचा माणूस कसा सावरेल, हेही पाहावे लागते.

म्हणून आम्हांला असे वाटते, की उत्तम ब्रेकांनी वाचवलेले अंतर हे मालकाचे खासगी धन नसून ती शेजाऱ्याची ठेव आहे. रस्ता ओलांडणारी म्हातारी, चेंडूमागे धावणारे पोर, जुन्या सायकलवरून कामाला निघालेला मजूर यांपैकी कोणीही आपल्या वेगाला संमती दिलेली नसते. त्या दहा टक्क्यांतील प्रत्येक मीटर त्यांच्या चुकीसाठी, त्यांच्या दुबळेपणासाठी राखून ठेवायचा आहे. ठेव मोडून चैन करणाऱ्याला व्यवहारात आपण जे नाव देतो, तेच येथेही लागू पडते. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात वेगाच्या हव्यासाने स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष म्हटला आहे आणि तो पाचव्या आज्ञेच्या विवरणात सांगितला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच ग्रंथात सुज्ञतेला सर्व सद्गुणांचा सारथी हे जुने नाव दिलेले आढळते. आपल्या भूमीतील कठोपनिषदातही शरीर हा रथ, बुद्धी ही सारथी आणि मन हे लगाम मानले आहे. दोन निराळ्या परंपरांना सद्वर्तनाचे चित्र रेखाटताना वाहन हाकणाराच आठवावा, यात आम्हांला नवल वाटत नाही. लगाम कितीही मजबूत असला, तरी तो केव्हा आवरायचा हे लगाम ठरवीत नाही.

आपल्या धर्मग्रामांत स्पोर्ट्स कार क्वचितच दिसेल. मोटरसायकल मात्र घरोघरी आहे. भारतात १२५ सीसीहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले. हे फार चांगले झाले. मुलाला गाडी घेऊन देताना पालकांनी एबीएस आहे का, हे जरूर पाहावे. टायर झिजले की बदलावेत आणि ब्रेक ऑइल वेळेवर बदलून घ्यावे. परंतु त्याच वेळी त्याला एवढेही सांगावे, की ‘बाळा, हे ब्रेक चांगले आहेत म्हणून तू कालच्याच वेगाने जा.’ चांगल्या साधनाचा मान राखण्याचा याहून सरळ मार्ग आम्हांला ठाऊक नाही. मुलगा घरी सुखरूप परत येईल, ही प्रत्येक आईबापांची प्रार्थना असते. रस्त्यावरच्या प्रत्येक अनोळखी माणसासाठीही कोणीतरी घरी हीच प्रार्थना करीत बसलेले आहे.