कर्माची शिल्लक

माणसाच्या बळाचे माप घेता येते. त्याच्या शीलाचे घेता येते काय? प्रश्न जुना आहे आणि त्याची चर्चा आजवर बहुधा धर्मग्रंथांच्या किंवा नीतिशास्त्राच्या आधारे होत आली आहे. आम्ही मात्र तो येथे एका खेळाच्या निमित्ताने विचारणार आहोत. खेळ परदेशी आहे, तरुणांचा आहे, आणि पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या मते निव्वळ पोरकट आहे. परंतु ज्या खेळात सज्जन आणि दुर्जन दोघांनाही आकड्यांत मांडावे लागते, त्या खेळास हा प्रश्न चुकवता येत नाही. आणि त्याने तो कसकसा सोडवू पाहिला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

या प्रकाराला रोल-प्लेइंग गेम असे नाव आहे. आपण त्यास भूमिकाखेळ म्हणू. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू ‘मी अमुक करतो’ असे म्हणतो, आणि ते साधले की फसले याचा निवाडा पात्राच्या गुणांचे आकडे व फासे मिळून करतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला. त्यातील वीर आणि राक्षस बहुतांशी दंतकथांच्या जातीचे होते. पुढे थोड्याच वर्षांत खेळणारांस वाटू लागले, की ज्यांच्या कॉमिक्सवर आपले बालपण गेले ते सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन आणि त्यांचे हाडवैरी यांनाही या टेबलावर आणावे. येथून रूपांतराचा प्रश्न सुरू झाला. नाटकाचे किंवा कादंबरीचे रूपांतर करणारास भाषा बदलावी लागते. या रूपांतरकारांस माणसाचे आकडे करावे लागले.

बळाचे आकडे करणे अवघड असले तरी अशक्य नव्हते. मेफेअर गेम्स या कंपनीने १९८५ साली काढलेल्या ‘डीसी हीरोज’ या खेळात यावर मोठी चतुर तोड काढलेली दिसते. तेथे मापाची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दुप्पट धरली आहे. दहा पायऱ्या चढले, की बळ १,०२४ पट होते. त्यामुळे अचाट ओझी उचलणारा सुपरमॅन आणि देहाने माणूसच असलेला बॅटमॅन हे दोघेही एकाच मोजपट्टीवर, आटोपशीर आकड्यांत बसू शकतात. त्याच्या आधीच्या वर्षी, १९८४ मध्ये, टीएसआर या कंपनीचा ‘मार्व्हल सुपर हीरोज’ हा खेळ निघाला. त्यात प्रत्येक पात्राच्या कागदावर सात रकाने असतात : झुंजण्याची हातोटी, चापल्य, बळ, दम, बुद्धी, अंतःप्रेरणा आणि मनोबल. सामान्य माणसाचे बळ ६ धरले, तर स्पायडरमॅनचे ४० आणि त्याचे चापल्य ५०.

आता या सात रकान्यांविषयी एक गोष्ट सहजासहजी नजरेत भरत नाही. नायकाच्या कागदावर जे सात रकाने, तेच सात खलनायकाच्याही कागदावर. स्पायडरमॅन आणि त्याचा वैरी ग्रीन गॉब्लिन यांचे कागद शेजारी शेजारी ठेवून नावे झाकली, तर यांपैकी कोण लोकांचे प्राण वाचवतो आणि कोण घेतो हे त्या सात आकड्यांवरून कोणासही सांगता यावयाचे नाही. दोघांत जो खरा भेद आहे, तो सातांपैकी एकाही रकान्यात नाही.

रूपांतरकारांना ही उणीव जाणवली नाही असे नाही. १९८१ सालच्या ‘चॅम्पियन्स’ या खेळात खेळाडूला ठरावीक गुणांक मिळतात आणि ते खर्चून त्याने आपल्या नायकाच्या शक्ती विकत घ्यावयाच्या असतात. अधिक गुणांक हवे असतील, तर नायकाच्या माथी काही वैगुण्ये घ्यावी लागतात. कोणी शत्रू सदैव मागावर असणे, कोणी दुबळे आप्त जपावे लागणे, अशी ती वैगुण्ये. आणि याच यादीत, याच पंक्तीत, आणखी एक वैगुण्य बसले आहे : कोणाचाही जीव न घेण्याचे बंधन.

हे प्रथम कळले तेव्हा आम्ही चमकलो. अहिंसा हे वैगुण्य! परंतु थोडा विचार करता यात एक कडवट सत्य आहे असे दिसून आले. सचोटीने वागणारा माणूस व्यवहारात एक हात पाठीशी बांधूनच लढत असतो, हे कोणता संसारी मनुष्य नाकारील? शील हे ओझे आहे, त्याची किंमत मोजावी लागते, हे त्या नियमकर्त्यांनी प्रांजळपणे मांडले. चुकले ते इतकेच, की त्या ओझ्याचा मोबदला त्यांनी आगाऊ देऊन टाकला. ज्या व्रताचे फळ व्रत घेण्यापूर्वीच हाती पडते, त्यास व्रत म्हणावे की सौदा?

‘मार्व्हल’च्या खेळाने निराळी वाट धरली, आणि ती आपणांस विशेष जवळची वाटावी अशी आहे, कारण तिचे नावच ‘कर्म’. सात रकान्यांखेरीज प्रत्येक नायकाच्या नावे कर्माची एक शिल्लक असते. कोणाचे प्राण वाचवले, गुन्हा रोखला, की ती वाढते. अडचणीच्या वेळी त्यातून खर्च करून फाशावर पडलेला आकडा वाढवून घेता येतो. आणि नायकाच्या हातून कोणाची हत्या झाली, तर सारी शिल्लक एका क्षणात शून्य होते.

आपल्या शब्दाची ही परदेशी रवानगी पाहून हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु फार हसण्याचे कारण नाही. चित्रगुप्ताची वही आपल्याकडचीच आहे. पुण्य साठते, स्वर्गात ते खर्ची पडते, आणि संपले की जीव पुन्हा खाली येतो, ही कल्पनाही आपलीच. जमाखर्चाचे कर्म आपल्या लोकसमजुतीत खोल रुजलेले आहे. फळाकडे दृष्टी न ठेवता कर्म करावे, ही गीतेची शिकवण त्या समजुतीला उत्तर म्हणूनच आली असावी, असे आम्हांस वाटते. अमेरिकन खेळाने आपले पहिले कर्म उचलले. दुसरे टेबलावर कसे आणावे हे त्यास उमगले नाही. आणि मूळ कथांतही नीती पुष्कळदा नियमातूनच आलेली आहे. १९३९ मधल्या बॅटमॅनच्या आरंभीच्या कथांत त्याच्या हातून माणसे मरतात. तो कोणाला मारीत नाही, हे पुढे संपादकांनी ठरवले. १९५४ मध्ये अमेरिकेतील प्रकाशकांनी जी आचारसंहिता स्वतःवर लादून घेतली, तिच्यात तर प्रत्येक वेळी सत्याचाच जय झाला पाहिजे असे कलमच होते. जेथे जय कलमाने बांधून दिलेला असतो, तेथे सज्जनपणाची परीक्षा कशी व्हावी?

ही परीक्षा आम्हांस एकदा टेबलावरच द्यावी लागली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने आग्रह करून आम्हांस खेळावयास बसवले. तो सूत्रधार होता आणि त्याने हाच १९८४ चा खेळ मांडला होता. आमच्या वाट्याला स्पायडरमॅन आला. प्रसंग त्याने १९७३ सालच्या एका प्रसिद्ध कथेवरून घेतला होता. तीत ग्रीन गॉब्लिन स्पायडरमॅनच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून खाली लोटतो आणि ती मरते. पुढच्या अंकात स्पायडरमॅन गॉब्लिनला गाठून बेदम मारतो, जीव घेण्याच्या बेतास येतो, आणि ऐनवेळी आपला हात आवरतो. तेवढ्यात गॉब्लिन आपले उडते यंत्र गुपचूप त्याच्या पाठीवर बोलावतो. स्पायडरमॅनला धोक्याची पूर्वसूचना मिळते, तो बाजूस होतो, आणि यंत्राचे टोक खुद्द गॉब्लिनच्याच छातीत घुसते. पापी मेला आणि नायकाचे हात स्वच्छ राहिले. लेखकाने दोन्ही साधले.

टेबलावर लेखक नव्हता. भाचा म्हणाला, “मामा, यंत्र तुमच्या पाठीमागून येतं आहे. तुम्ही बाजूला होऊ शकता. बाजूला होताना त्यालाही ओढून वाचवायचा प्रयत्न करू शकता, पण तो साधेलच असं नाही. काय करता?” आणि किंचित थांबून त्याने सूत्रधाराच्या अधिकारात निर्णय दिला : “वाचवता येत असून सोडलंत, तर मी ती हत्या धरीन. सगळं कर्म जाईल.”

आम्ही कागदाकडे पाहिले. झुंजीत आम्ही सारे कर्म खर्चून बसलो होतो. शिल्लक शून्य होती. शून्यातून काय जाणार? तसे आम्ही बोलून दाखवताच टेबलाभोवतीची पोरे खदखदून हसली, एकाने “सोडा त्याला, मामा!” असा सल्लाही दिला. त्या घटकेला नियमाचे भय संपले होते आणि लाभाची आशाही नव्हती. गॉब्लिनला सोडून दिल्याने काही घटत नव्हते. तरीही तोंडातून उत्तर लवकर येईना. काही क्षणांपूर्वीच त्या माणसाने एका निरपराध मुलीला पुलावरून लोटले होते; मुलगी कल्पनेतली होती, पण संताप आमचा होता. सोडावे असे वाटत होते, हे आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो. अखेर आम्ही म्हणालो, “ओढतो त्याला.” फासे टाकले. शंभरांपैकी सतरा पडले. प्रयत्न फसला. कर्माची शिल्लक असती, तर तो आकडा वाढवून घेता आला असता, ती नव्हती. गॉब्लिन मेला.

परिणाम पाहाल, तर मूळ कथेत झाला तोच झाला. हिशेब पाहाल, तर शिल्लक आधी शून्य होती, नंतरही शून्यच राहिली. कागदावर एक अक्षरही बदलले नाही. तरी त्याला सोडून देणे आणि त्याच्याकडे हात टाकून तो निसटणे, या दोहोंत काही अंतर आहे, असे टेबलाभोवतीच्या सर्वांना जाणवले. कारण फासे पडल्यावर कोणी हसले नाही.

या अंतराला आकडा नाही, आणि आमच्या मते तो नसणे हाच रूपांतराचा मर्मबिंदू आहे. बळ, चापल्य, दम हे सारे रकान्यात भरावेत; नव्हे, भरलेच पाहिजेत. शक्तीला मर्यादा नसेल तर निवडीला अर्थ राहत नाही. ज्याला सर्व काही साधते, त्याला काही ठरवावेच लागत नाही. परंतु नायकाचे शील कागदावर लिहून खेळाडूच्या हाती देता येत नाही. देता येतो तो नायकाचा पेच. स्पायडरमॅन कोणाला मारीत नाही, हे लिहून दिले की खेळाडूला करण्यासारखे काही उरत नाही. तो मारू शकतो, त्याला मारावेसे वाटते, आणि आता तू ठरव, एवढे त्याच्यापुढे उभे केले, की त्या घटकेपुरता तो खराच नायकाच्या जागी जाऊन बसतो. खलनायकाचेही तेच. भाच्याला गॉब्लिनच्या वतीने खोटेपणा न करता डाव टाकावा लागला. तो दुष्ट आहे म्हणून त्याला मूर्ख ठरवण्याची सोय त्याला नव्हती. दुर्जनाला पुरेपूर बुद्धी द्यावयाची आणि तरी त्याच्या बाजूचे व्हावयाचे नाही, ही साधना सोपी नव्हे.

कोणी म्हणेल, हा सारा खेळ. येथील सज्जनपणाला मोल काय? खरेच, फार नाही. कल्पनेतल्या वैऱ्याला वाचवणारा मनुष्य उद्या शेजाऱ्याशी नीट वागेलच, असा हवाला आम्ही देणार नाही. परंतु आपण बक्षिसासाठी चांगले वागतो, शिक्षेच्या भयाने वागतो, की या दोन्हींवाचूनही वागू शकतो, हे तपासून पाहण्याची संधी प्रत्यक्ष आयुष्यात क्वचित येते. तेथे लाभ आणि भय यांचा गुंता कधी सुटतच नाही. टेबलावर तो क्षणभर सुटला, आणि आम्हांस आमचा थोडा परिचय झाला. उत्तर देण्यास जो वेळ लागला, तोही त्या परिचयातच धरावा लागेल.

१९७९ सालच्या ‘व्हिलन्स अँड व्हिजिलांटीज’ या खेळात तर खेळाडूने स्वतःलाच नायक करावयाचे असते : आपले बळ किती, आपली बुद्धी किती, हे आकड्यांत मांडून त्यावर अद्भुत शक्ती चढवावयाची. आमच्यासारख्या सरकारी कारकुनाला हे नवे नाही. वर्षाअखेर आमचाही कागद भरला जातो. कामाला, वर्तणुकीला, आकलनाला १ ते १० पैकी गुण पडतात. त्या कागदावर सचोटीचाही एक रकाना असतो. एरवी प्रत्येक गोष्टीला अंक देणाऱ्या त्या नमुन्यात सचोटीला मात्र अंक नाही. तेथे वरिष्ठाने शब्दांतच काय ते लिहावयाचे असते. इतकी वर्षे हा रकाना आम्ही दुर्लक्षाने पाहत आलो. दिवाळीनंतर आमच्या ध्यानी आले, की तो नमुना ज्या कोणी तयार केला, त्यालाही तेथवर येऊन आकड्यांची लेखणी खाली ठेवावी लागली होती.