नायकावर हक्क कोणाचा?

अमेरिकी सुपरहिरो चित्रपटांच्या बाबतीत एक प्रकार गेली साडेतीन दशके पुन:पुन्हा घडत आला आहे. चित्रीकरण सुरू होण्याआधीच, केवळ पात्रयोजना, म्हणजे कोणती भूमिका कोणत्या नटाकडे सोपवली आहे हे जाहीर होताच चाहते संतापतात आणि न पाहिलेल्या अभिनयावर निकाल देऊन मोकळे होतात. या संतापाला पोरकट ठरवून बाजूला सारणे सोपे असले, तरी त्याच्या मुळाशी नायकावरच्या हक्काचा गंभीर प्रश्न आहे. हा हक्क कधी दीर्घकाळच्या प्रेमातून आलेला असतो, तर कधी पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेल्या वर्चस्वातून. दोन्ही वेळा मूळ चित्रकथेशी इमान राखण्याचीच भाषा वापरली जात असल्याने त्यांची गल्लत होते, आणि त्या गल्लतीचा फायदा नेहमी वर्चस्वालाच मिळतो.

पहिल्या प्रकाराचे सर्वांत बोलके उदाहरण १९८८ सालचे आहे. वॉर्नर ब्रदर्सच्या ‘बॅटमॅन’ या चित्रपटासाठी दिग्दर्शक टिम बर्टन यांनी मायकेल कीटन यांची निवड केली. ‘मिस्टर मॉम’सारख्या विनोदी चित्रपटांमुळे ओळखला जाणारा, मध्यम उंचीचा, बेताच्या बांध्याचा हा नट बॅटमॅन होणार म्हणताच कंपनीकडे निषेधाची सुमारे ५०,००० पत्रे आल्याचे सांगितले जाते, आणि ‘वॉल स्ट्रीट जर्नल’सारख्या अर्थविषयक दैनिकालाही या क्षोभाची पहिल्या पानावर दखल घ्यावी लागली. पत्रलेखकांची खरी भीती कीटनच्या हनुवटीविषयी किंवा दंडांविषयी नव्हती. १९६६ ते १९६८ या काळात दूरचित्रवाणीवर गाजलेल्या मालिकेने बॅटमॅनचे रंगीबेरंगी प्रहसन केले होते. ठोसा बसला की त्याचा आवाज मोठ्या अक्षरांत पडद्यावर उमटे. त्यानंतर चित्रकथा वाचणाऱ्या प्रौढ माणसाकडे समाज किंचित हसूनच पाहत राहिला. १९८६ मध्ये फ्रँक मिलर यांच्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ या चित्रकथामालिकेने वृद्ध, कडवट, स्वत:शीच झगडणारा बॅटमॅन उभा केला, तेव्हा या वाचकांना आपली आवड प्रथमच गांभीर्याने घेतली जात असल्याचा अनुभव आला. जेमतेम दोन वर्षांपूर्वी मिळालेली ही प्रतिष्ठा एका विनोदी नटाच्या हाती जाणार, असे त्यांना वाटले. त्यांचा अंदाज चुकला. पण ज्याला आयुष्यभर हिणवले गेले आहे, त्याने पुन्हा हसे होण्याच्या शक्यतेने घाबरावे, यात हसण्यासारखे काही नाही.

शिवाय नायकाचे भवितव्य आपल्या हाती आहे, ही समजूत चाहत्यांच्या मनात प्रकाशकांनीच पेरली होती. १९८८ च्याच सप्टेंबरमध्ये बॅटमॅनच्या चित्रकथा काढणाऱ्या डीसी कॉमिक्सने बॅटमॅनचा तरुण साथीदार रॉबिन, म्हणजे त्या वेळी ती भूमिका वठवणारा जेसन टॉड, जगावा की मरावा याचा कौल वाचकांकडून सशुल्क दूरध्वनीद्वारे मागवला. मृत्यूच्या बाजूने ५,३४३ आणि जीवनाच्या बाजूने ५,२७१ मते पडली, आणि अवघ्या ७२ मतांच्या फरकाने रॉबिनला मरण आले. एका हाताने पात्राच्या जीवनमरणाचा अधिकार वाचकाला विकायचा आणि दुसऱ्या हाताने त्याचा चेहरा ठरवताना त्याने गप्प बसावे अशी अपेक्षा करायची, ही विसंगती उद्योगाची होती. चाहत्यांना अतिरेकी म्हणणाऱ्या टीकाकारांनी ती क्वचितच लक्षात घेतली आहे.

बर्टन यांचे गणित वेगळे होते. पिळदार शरीराच्या माणसाला वटवाघळाचा वेश चढवण्याची गरजच पडणार नाही. ज्याच्याकडे पाहून कोणी घाबरत नाही, त्यालाच तो वेश लागतो, असा त्यांचा विचार होता. पोशाखातील रबरी शिरोवेष्टन खांद्यांपर्यंत सलग असल्याने कीटनला नुसती मान वळवता येत नसे; बाजूला पाहायचे तर सगळे धड फिरवावे लागे. या अडचणीतूनच त्या बॅटमॅनची ताठ, यंत्रवत्, भयसूचक हालचाल घडली. चेहऱ्याचा उघडा भाग म्हणजे डोळे, ओठ आणि हनुवटी. तेवढ्यातून आणि मुद्दाम खाली आणलेल्या आवाजातून कीटनने आतून दुभंगलेला माणूस दाखवला. जून १९८९ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला आणि विरोध मावळला. पुढे २००६ मध्ये नव्या बॅटमॅनपटातील जोकर या खलनायकाच्या भूमिकेसाठी हीथ लेजर यांचे नाव जाहीर झाले, तेव्हा ‘ब्रोकबॅक माउंटन’मधील त्यांच्या समलिंगी प्रेमिकाच्या भूमिकेवरून शेरेबाजी झाली. जानेवारी २००८ मध्ये लेजर यांचे निधन झाले, चित्रपट त्यानंतर प्रदर्शित झाला, आणि २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर ऑस्कर मिळाले.

दुसऱ्या प्रकारचा विरोध मात्र उत्तम अभिनयाने मिटत नाही, कारण त्याचा अभिनयाशी संबंधच नसतो. ‘थॉर’ (२०११) मध्ये हाइमडाल या नॉर्स देवाची भूमिका कृष्णवर्णीय नट इद्रिस एल्बा यांना मिळाली, तेव्हा गोऱ्यांच्या वर्चस्वाचा पुरस्कार करणाऱ्या एका अमेरिकी संघटनेने बहिष्काराची हाक दिली. मूळ रूपाशी इमान हाच निकष खरा मानला, तर वुल्व्हरिनचे उदाहरण पाहावे. चित्रकथेत हा नायक जेमतेम सव्वापाच फुटांचा, बुटका आणि दणकट आहे. सहा फुटांहून उंच ह्यू जॅकमन यांनी तो २००० सालापासून साकारला आणि प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. फुटाएवढी उंची क्षम्य ठरते आणि त्वचेचा रंग ठरत नाही, तेव्हा इमानाची भाषा हा केवळ आडपडदा आहे, असेच म्हणावे लागते.

या नायकांपैकी बहुतेक १९३० ते १९६० च्या दशकांत जन्मले, आणि त्या काळी कृष्णवर्णीय व्यक्तीला अमेरिकी चित्रकथेत नायकपद जवळजवळ मिळतच नसे. ते घडवणाऱ्या लेखक-चित्रकारांनाही परकेपणाची झळ ठाऊक होती. स्टॅन ली यांचे जन्मनाव स्टॅनली लीबर, जॅक कर्बी यांचे जेकब कर्ट्झबर्ग, बॉब केन यांचे रॉबर्ट कान. ज्यू कुटुंबांतील या मुलांनी धंद्यात शिरताना आपली नावेही बदलली. त्या पानांवरचा गोरा चेहरा अशा समाजात घडला, आणि आज तोच चेहरा पवित्र मानून जपणे म्हणजे त्या काळचा अन्याय कलेच्या नावाने पुढे चालवणे होय.

चाहत्यांच्या आग्रहाला याहून उदार रूपही असते, याचा दाखला स्पायडरमॅनच्या बाबतीत मिळतो. २०१० मध्ये कृष्णवर्णीय नट डोनाल्ड ग्लोव्हर यांना त्या भूमिकेसाठी निदान चाचणीची संधी मिळावी, अशी मोहीम चाहत्यांनी चालवली. तिला कडवा विरोध झाला आणि भूमिका अँड्र्यू गारफील्ड यांच्याकडे गेली. पण पुढच्याच वर्षी लेखक ब्रायन मायकेल बेंडिस आणि चित्रकार सारा पिचेली यांनी माइल्स मोरालेस हा कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन वंशाचा किशोर नवा स्पायडरमॅन म्हणून चित्रकथेत आणला. ग्लोव्हर यांना एका विनोदी मालिकेत स्पायडरमॅनच्या पोशाखात पाहिल्याचा आपल्यावर प्रभाव पडल्याचे बेंडिस यांनी नंतर सांगितले. याच माइल्सला नायक करणारा ‘स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स’ हा चित्रपट २०१८ मध्ये आला आणि सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर घेऊन गेला. त्याआधी २०१७ च्या ‘स्पायडर-मॅन : होमकमिंग’मध्ये ग्लोव्हर स्वत: ॲरन डेव्हिस या छोट्या भूमिकेत दिसले होते; चित्रकथेत हा ॲरन माइल्सचा काका आहे.